नैतिक निर्णयाचे समर्थन कसे करावे

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या गृहसंकुलाच्या सर्वसाधारण सभेपुढे असा ठराव आला आहे, असे समजा: घरकामाला येणाऱ्या महिलांनी रहिवाशांची लिफ्ट न वापरता फक्त सामानाची लिफ्ट वापरावी. आपल्याला हा नियम अन्यायकारक वाटतो. परंतु केवळ ‘मला तसे वाटते’ म्हटल्याने आपले मत सभेला पटणार नाही आणि पटूही नये, कारण ठराव मांडणाऱ्यालाही त्याच्या उलट काहीतरी वाटतच असते.

प्रथम ठरावामागील युक्तिवाद संपूर्ण लिहून काढावा. ‘सकाळी लिफ्टपाशी गर्दी होते’ हे वस्तुस्थितीचे विधान झाले. ‘म्हणून त्यांनी दुसऱ्या लिफ्टने जावे’ हे कर्तव्याचे. नुसत्या ‘आहे’मधून ‘असावे’ निघत नाही, याकडे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४० मध्ये लक्ष वेधले होते. या दोहोंमधले, कोणीच न उच्चारलेले मूल्यविधान शोधावे: गैरसोय वाटून घ्यायची नाही, ती कामाला येणाऱ्यांनीच सोसायची. हे वाक्य उघडपणे मांडले की अर्धी चर्चा योग्य जागी येते.

मग त्या विधानाची परीक्षा सारख्याच प्रसंगांवर घ्यावी आणि सर्वाधिक वेळ येथे द्यावा. कारण स्वच्छतेचे असेल, तर कचऱ्याची बादली घेऊन उतरणाऱ्या सदनिकाधारकालाही तोच नियम हवा. गर्दीचे असेल, तर पाहुण्यांनाही हवा. नियम वस्तूंना किंवा वेळेला न लागता ठरावीक माणसांनाच लागत असेल, तर सांगितलेले कारण खरे कारण नव्हे. हीच परीक्षा आपल्या मतालाही द्यावी लागते: फर्निचर सामानाच्या लिफ्टनेच न्यावे हे आपल्याला मान्य असेल, तर फरक कोठे पडतो ते सांगता आले पाहिजे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांची कसोटी माणसाला निव्वळ साधन मानू नये अशी आहे, तर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांची सर्वांचे सुखदुःख सारखेच मोजावे अशी. दोन्ही विचारात घ्याव्यात, पण एकीलाच अंतिम मानू नये. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात मांडलेली पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते: तत्त्वाने निर्णय सुधारावा, पक्क्या निर्णयाने तत्त्वही सुधारावे आणि दोहोंचा मेळ बसेपर्यंत हे चालू ठेवावे.

मात्र असा मेळ एकाच वर्गाच्या पूर्वग्रहांचाही बसू शकतो, हा या पद्धतीवरचा गंभीर आक्षेप आहे. घरकाम करणाऱ्या महिला संस्थेच्या सभासद नसल्याने त्यांना सभेत मत नसते. म्हणून मतदानापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकून ते इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा.