पाइनची पैदास: जाड बुंध्याला भुलू नका

पैदाशीसाठी पाइनची झाडं निवडताना नजर आधी बुंध्याच्या घेराकडे जाते, आणि पहिली चूक तिथेच होते. रेडिएटा पाइनमध्ये (इमारती लाकडासाठी लावली जाणारी पाइनची एक जात) झपाट्याने जाड होणाऱ्या झाडांचं लाकूड बरेचदा हलकं भरतं. शिवाय घेरापेक्षा घनता पुढच्या पिढीत जास्त खात्रीने उतरते. म्हणून निवडीच्या गुणांकनात घनतेला सुरुवातीपासून जागा द्या.

नुसत्या घनतेवरही थांबू नका. गाभ्यालगतच्या साधारण पहिल्या दहा वलयांतलं (खोडात दरवर्षी वाढणाऱ्या कड्यांतलं) लाकूड कमी ताठर असतं आणि वाळताना पिळवटतं. ताठरपणासाठी खोडातून जाणाऱ्या ध्वनीचा वेग मोजा; वेगाचा वर्ग गुणिले घनता, एवढा सोपा हिशोब आहे. घनतेसाठी काढलेल्या नमुन्यात राळ मुरलेली असेल तर ती आधी ॲसिटोनने काढून टाका, नाहीतर हलकं लाकूडही कागदावर भारी दिसतं. झुकलेल्या झाडाचं लाकूड वेगळं घडतं, म्हणून ते मोजणीतून वगळलेलंच बरं.

सर्वांत जास्त फसगत होते ती राळेच्या कप्प्यांबाबत. एकाच वलयाच्या आत भिंगाच्या आकाराची पोकळी तयार होते, तीत राळ साठते आणि फळीवर रंधा फिरवल्यावरच ती उघडी पडते. दर्शनी कामाची फळी तिथेच बाद. हे कप्पे वारा आणि पाण्याचा ताण असलेल्या जागी जास्त होतात. न्यूझीलंडमधल्या कँटरबरीच्या कोरड्या, वाऱ्याच्या मैदानांवर ही जुनी डोकेदुखी आहे. त्यामुळे आडोशाच्या, ओलाव्याच्या जागी निर्दोष दिसलेलं झाड खरं तर कसोटीला लागलेलंच नसतं. एकाच कुळाची, म्हणजे त्याच पालक झाडांची, रोपं त्रासाच्या जागीही लावा आणि तुलना त्याच जागेतल्या कुळांमध्ये करा. सालीवरच्या ओघळांवर विसंबू नका, छाटणीच्या जखमेतूनही राळ गळते. काही झाडं तोडून चकत्या कापा आणि कप्पे मोजा.

मात्र राळच कमी करायच्या मागे लागू नका. खोडकिड्यांपासून आणि बुरशीपासून झाडाला वाचवते ती राळच. आपल्याला कप्पे कमी हवेत, राळ नव्हे.

एवढं करून निवडलेल्या जोडीत बाहेरचा पराग शिरला तर सगळी मेहनत वाया जाते. मादी शंकू पराग घ्यायला उघडण्याआधीच पिशव्या बांधा आणि ते पूर्ण मिटेपर्यंत काढू नका.