वंशावळीवरून आनुवंशिकता काढताना या चुका टाळा

सिन्नरकडच्या एका संगमनेरी शेळ्यांच्या कळपात करडांच्या तीन महिन्यांच्या वजनाची आनुवंशिकता (वजनांतील फरकाचा किती हिस्सा वंशातून आला, ते सांगणारा आकडा) काढली, तेव्हा उत्तर जवळजवळ शून्य आले आणि त्यासाठीचे गणिती मॉडेल उलटसुलट करण्यात माझे दोन दिवस गेले. दोष वहीत होता. हाताने लिहिलेले १ आणि ९ सारखेच दिसल्यामुळे २१ क्रमांकाच्या बोकडाची निम्मी करडे २९ क्रमांकाच्या बोकडाच्या नावावर चढली होती, आणि बाप चुकला की भावंडांमधील साम्य पुसट होऊन आनुवंशिकता खाली येते.

म्हणून आधी वंशावळ तपासावी. आईच्या आधी जन्मलेले करडू, बाप व आई या दोन्ही रकान्यांत आलेला एकच क्रमांक, स्वतःचाच पूर्वज ठरणारे जनावर, किंवा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असताना एकाच शेळीची तीन महिन्यांच्या अंतराने नोंदलेली दोन वेते, यांपैकी काहीही आढळले तर मूळ वही पुन्हा उघडावी.

बाजारातून आणलेल्या शेळीच्या बापाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असे लिहिणे ही त्याहून लबाड चूक आहे. प्रोग्रॅम ते बोकडाचेच नाव समजतो, अशा सर्व शेळ्या सावत्र बहिणी ठरतात, आणि जन्मालाच न आलेला हा बोकड कळपातला सर्वांत मोठा बाप होऊन बसतो. तेथे प्रोग्रॅमने ठरवलेले रिकामे चिन्ह, बहुधा शून्य, द्यावे; वेगवेगळ्या भागांतून आलेल्या जनावरांसाठी स्वतंत्र आनुवंशिक गट (एका भागातल्या अज्ञात आईबापांचा एक गट) करावेत.

पशुप्रजननाचे संख्याशास्त्रज्ञ हेंडरसन यांनी १९७६ मध्ये नातेसंबंधांच्या मॅट्रिक्सचा (कोणती दोन जनावरे किती जवळची, ते मांडणाऱ्या व या गणितात लागणाऱ्या तक्त्याचा) व्यस्त थेट वंशावळीवरून मांडण्याची रीत दिली. ती वापरताना आईबापांचे अंतःप्रजनन (ते स्वतः नात्यातल्या जोडीतून जन्मलेले असणे) विसरले जाते. बोकड स्वतःच्याच मुलीला लागला, तर होणाऱ्या करडाचा अंतःप्रजनन गुणांक ०.२५ असतो, पुढे त्या करडाला अंतःप्रजनन नसलेल्या जोडीदारापासून पिल्लू झाले, तर त्याच्या वाट्याचा मेंडेलीय अंश (आईबापांच्या सरासरीभोवती योगायोगाने येणाऱ्या आनुवंशिक फरकाचा वाटा) ०.५ नव्हे, ०.४३७५ धरावा लागतो. एकच बोकड वर्षानुवर्षे फिरणाऱ्या छोट्या कळपांत हा फरक पिढीगणिक साठत जातो.

याउलट आनुवंशिकता संशयास्पद जास्त आली, तर आईच्या दुधाचा परिणाम मॉडेलमधून सुटला आहे का, ते पाहावे. मात्र बहुतेक शेळ्यांचे एकेकच करडू नोंदलेले असेल, तर आईचा वाटा आणि करडाची स्वतःची आनुवंशिकता वेगळी काढणे फार अवघड जाते. तेथे मॉडेल वाढवण्यापेक्षा पुढच्या वेतांच्या नोंदींची वाट पाहावी.