शाळांच्या पातळीवरही बघा: माझा अनुभव

मार्चच्या उन्हात नागपुरात बर्डीपासून हिंगण्यापर्यंत शाळाशाळांत फिरून मुलांचे गणिताचे गुण आणि शिकवणीचे तास गोळा केले, आर (R) या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये दोन पातळ्यांचं (विद्यार्थी आणि शाळा) मॉडेल बसवलं. विद्यार्थ्यांचे रेसिड्युअल (खरे गुण आणि मॉडेलचा अंदाज यांतला फरक) सुरेख दिसले, म्हणून मी तिथेच थांबलो. ती चूक होती.

नंतर शाळांचे रँडम इंटरसेप्ट (प्रत्येक शाळा एकूण सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली, याचा मॉडेलने काढलेला अंदाज) प्रत्येक शाळेच्या सरासरी तासांसमोर मांडले, तर ठिपके सरळ वर चढत गेलेले! म्हणजे शाळेचा परिणाम आणि तास यांचा संबंध नाही, हे मॉडेलचं गृहीतकच मोडलेलं. अर्थशास्त्रज्ञ याइर मुंडलाक यांनी १९७८ मध्ये यावर उपाय दिलाय: गटाची (इथे शाळेची) सरासरी वेगळं चल म्हणून मॉडेलमध्ये घ्यायची. घेतली. शाळेच्या आतला शिकवणीचा परिणाम बराच लहान निघाला, आणि मला तोच हवा होता.

(हे इंटरसेप्ट सरासरीकडे ओढलेले असतात, कमी मुलांच्या शाळांचे जास्तच. आलेख वाचताना ते लक्षात असू द्या.)