कोल्ड दिसला की लगेच 'थंड' लिहू नका

इंग्रजी वाचताना कोल्ड आला की आपण डोळे झाकून 'थंड' लावतो आणि पुढे जातो, आणि मग फसतो. मी एकदा 'ही गॉट कोल्ड फीट' चं 'त्याचे पाय गार पडले' असं करून दिलं होतं, वाचणाऱ्याने विचारलं की त्याला ताप वगैरे आलाय का. खरं तर ऐनवेळी त्याने कच खाल्ली, एवढंच म्हणायचं होतं.

तर मुख्य युक्ती अशी की कोल्डकडे बघत बसू नका, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा.

सगळ्यात आधी 'अ' आहे का ते शोधा. 'आय ॲम कोल्ड' म्हणजे मला थंडी वाजतेय आणि 'आय हॅव अ कोल्ड' म्हणजे मला सर्दी झालीय. मराठीत दोन्हीकडे 'मला' च असतं आणि फरक पुढच्या शब्दांत कळतो, इंग्रजीत तो ॲम आणि हॅव वर आहे, म्हणून आपला गोंधळ होतो आणि आपण 'आय ॲम हॅविंग कोल्ड' असं काहीतरी तिसरंच बोलून मोकळे होतो. ते नका बोलू. 'इट इज कोल्ड' असेल तर हवा थंड, किंवा आधी ज्या वस्तूबद्दल चाललंय ती थंड. बाकी सर्दी होते व्हायरसमुळे, दोनशेच्या वर व्हायरस आहेत त्यासाठी, पण इंग्रजांनी नाव थंडीवरून ठेवलं. त्यांना हसायला नको, आपला 'सर्दी' शब्द पण फारसीतल्या 'सर्द' वरूनच आलाय आणि त्याचाही अर्थ थंडच.

आता माणूस आला की जरा जपून. 'शी इज कोल्ड' हे एकटं वाक्य असेल तर तिला थंडी वाजतेय की तिचा स्वभाव तसा आहे हे मागचं-पुढचं वाचल्याशिवाय कळणारच नाही. पण 'शी वॉज कोल्ड टू मी' असं पुढे टू आलं की ती तुटक वागली हे नक्की. इथे 'थंड बाई' लिहिलंत तर गडबड होते, कारण मराठीत थंड माणूस म्हणजे ढिम्म, कशानेच न हलणारा, आणि इंग्रजीतला कोल्ड माणूस म्हणजे माया नसलेला, कोरडा. गंमत बघा, त्यांना जे गार लागतं ते आपल्याला कोरडं लागतं!! 'इट लेफ्ट मी कोल्ड' म्हणजे मला ते काही भावलं नाही. 'कोल्ड शोल्डर' म्हणजे मुद्दाम दुर्लक्ष करणं, पाठ फिरवणं. वॉल्टर स्कॉटच्या १८१६ च्या कादंबरीत हा प्रयोग सापडतो. 'वाळीत टाकलं' असं नका करू, ते फार जड होतं.

'इन कोल्ड ब्लड' ला मात्र आपलं 'थंड डोक्याने' चपखल बसतं, म्हणजे थंड डोक्याने खून केला वगैरे. पण कोणी संकटात डोकं शांत ठेवलं तर तिथे कोल्ड नाही, कूल येतं. आणि कोल्ड ब्लडेड प्राण्यांचं रक्त कायम गारच असतं असं काही नाही, उन्हात शेकत बसलेल्या सरड्याचं अंग चांगलं गरम असतं, त्याचं तापमान बाहेरच्यावर चालतं एवढाच अर्थ.

मग येतो 'तयारी नसताना' वाला कोल्ड, हा मला स्वतःला सगळ्यात आवडतो. गाडीचं इंजिन गरम व्हायच्या आधीची अवस्था डोळ्यासमोर आणा. कोल्ड स्टार्ट तर तोच, पण 'आय वेंट इन कोल्ड' म्हणजे काही तयारी न करता गेलो आणि कोल्ड कॉल म्हणजे ओळखपाळख नसताना केलेला फोन. आणि याच्या बरोबर उलटं, 'आय नो इट कोल्ड' म्हणजे मला ते तोंडपाठ आहे. का, ते विचारू नका.

कोल्ड केस म्हणजे धागेदोरे संपल्यामुळे पडून राहिलेलं प्रकरण, आपण पण प्रकरण थंड पडलं म्हणतोच. कोल्ड वॉर म्हणजे शीतयुद्ध, दोघांनी समोरासमोर गोळी न झाडता चालवलेलं वैर, इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४५ मध्येच एका लेखात हा शब्द वापरला होता. रंगांमध्ये निळा कोल्ड आणि लाल वॉर्म, पण तारे बघाल तर निळा तारा लाल ताऱ्यापेक्षा जास्त तापलेला असतो, तेव्हा तिथे हे डोकं लावू नका.

'कोल्ड टर्की' म्हणजे व्यसन हळूहळू कमी न करता एकदम बंद करणं. 'थ्रो कोल्ड वॉटर' म्हणजे उत्साहावर पाणी टाकणं, 'आउट कोल्ड' म्हणजे बेशुद्ध. हे गठ्ठे आहेत, फोडून अर्थ लावायला जाऊ नका, अख्खे उचला. डिक्शनरीत कोल्ड खाली नाही मिळाला तर जोडीचा शब्द बघा, म्हणजे टर्की, शोल्डर, फूट, तिथे मिळून जातो.