चुनखडकातला मॅग्नेटाइट: आधी त्याचा जन्म कधीचा ते बघा

खडकातल्या लोहखनिजांत जुन्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा जपलेली असते, मॅग्नेटाइट हे लोहाचं ऑक्साइड त्यातलंच एक. ही दिशा वाचायला न्यूयॉर्कचे डेव्होनियन या प्राचीन भूकाळातले चुनखडक, म्हणजे ऑनोंडागा, हेल्डरबर्ग वगैरे खडकगट, हातात घेतलेत की फसण्याची जागा ठरलेली असते. नमुना टप्प्याटप्प्याने तापवला, चुंबकत्व 580 अंश सेल्सिअसच्या आत संपलं, म्हणून ते चुंबकत्व वाहणारं खनिज मॅग्नेटाइट. इथवर ठीक. ‘मॅग्नेटाइट टिकाऊ, म्हणजे दिशा गाळ साचतानाची’ हे मात्र त्यातून निघत नाही. अजिबात नाही.

या चुनखडकांत मिळणारी दिशाच बघा ना. दक्षिण-आग्नेयेकडे, जवळजवळ आडवी, ध्रुवता उलटी. ही कायामन उलट-ध्रुवता पर्वाची, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव दीर्घकाळ आजच्या उलट होते त्या काळाची खूण, साधारण 31.8 ते 26.2 कोटी वर्षांपूर्वीची. खडक त्याहून किमान सात कोटी वर्षांनी जुना. खडकाच्या थरांच्या घड्या गणिताने सरळ केल्यावर वेगवेगळ्या नमुन्यांच्या दिशा पूर्ण जुळण्याऐवजी पुन्हा विखुरल्या, तर संशय पक्का करा.

मूळचा मॅग्नेटाइट बहुधा समुद्रतळाच्या चिखलातच विरघळतो. सल्फेटवर जगणारे जिवाणू सल्फाइड सोडतात आणि लोह पायराइटमध्ये, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजात, अडकतं. पुढे खडक खोल गाडला गेला, ॲपलेशियन पर्वत उभे राहत होते, तेव्हा पायराइटच्या बारीक गोलकांची जागा मॅग्नेटाइटने घेतली. चिकणमातीतल्या स्मेक्टाइट या खनिजाचा इलाइट (तशाच दुसऱ्या खनिजात) होतानाही लोह सुटतं. कण सुमारे 25-30 नॅनोमीटरच्या पुढे वाढला की त्या वेळचं क्षेत्र त्यात कोंडलं जातं. त्यासाठी खडक 580 अंशांपर्यंत तापावा लागत नाही, 200 च्या खालीही हे घडतं. म्हणून ‘कोनोडॉन्टचा (दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म, तापल्यावर गडद होतात) रंग फिका आहे, खडक तापलेलाच नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. हा नवा मॅग्नेटाइट खडकातून वाहिलेल्या गरम खाऱ्या पाण्याने आणला, असं जिथेतिथे म्हणण्याची फॅशन मला पटत नाही. आधी खडकात चिकणमाती किती आहे ते मोजा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सावध राहा. नमुन्यावरून मागे फेकलेल्या इलेक्ट्रॉनच्या चित्रात (जड मूलद्रव्यं उजळ दिसतात) पायराइट आणि मॅग्नेटाइट जवळपास एकाच करड्या छटेचे दिसतात, कारण दोघांचा सरासरी अणुक्रमांक 21 च्या आसपास. गोलकाच्या कडेवर एक्स-रे वर्णपट घ्या, त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. गंधक नाही, लोह आणि ऑक्सिजन आहे, मग बोला.

चुनखडक विरघळवून मॅग्नेटाइटचे कण वेगळे करताना हायड्रोक्लोरिक ॲसिड नको, ते बारीक मॅग्नेटाइटही खातं. सोडियम ॲसिटेट घालून पीएच 5 च्या आसपास राखलेलं ॲसिटिक ॲसिड वापरा. वेळ लागतो, लागू द्या. चुंबकाला चिकटतात ते मोठे कण; दिशा सांभाळणारे बारीक कण बरेचदा मागे राहतात. मोठ्या कणांचे सुंदर फोटो पाहून मार्गदर्शक खूश होतात, तेवढ्यावर जाऊ नका.

आणि भट्टी. साधारण 400 अंशांपुढे पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन तुमच्याच नमुन्यात नवा मॅग्नेटाइट तयार होतो. तापवण्याच्या प्रत्येक टप्प्यानंतर ससेप्टिबिलिटी (नमुना किती सहज चुंबकित होतो ते) मोजा. ती एकदम चढली की पुढची मापनं गाळा आणि त्याच नमुन्याच्या न तापवलेल्या जोडीच्या तुकड्यावर प्रत्यावर्ती (दिशा पालटत राहणाऱ्या) चुंबकीय क्षेत्राने, म्हणजे न तापवता, चुंबकत्व टप्प्याटप्प्याने काढा. घाबरू नका, खालच्या टप्प्यांची दिशा सहसा वापरता येते.