पोर्टफोलिओचा तोल सांभाळताना या चुका टाळा

मागच्या दिवाळीत फराळ झाल्यावर मेहुण्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "दाजी, चौदा म्युच्युअल फंड घेतलेत, तरी मार्केट पडलं की सगळेच एकदम कसे पडतात?"

त्याचं कॅस, म्हणजे सगळ्या फंड कंपन्यांचं एकत्रित स्टेटमेंट, उघडून बसलो. चौदापैकी चार लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांचे), तीन फ्लेक्सी कॅप (लहान-मोठ्या कुठल्याही कंपन्यांचे), दोन कर वाचवणारे. लार्ज कॅप फंडाला सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, नियमानुसार किमान 80 टक्के पैसा बाजारमूल्यातल्या पहिल्या 100 कंपन्यांत ठेवावाच लागतो. त्यामुळे चारही फंडांच्या यादीत वरती त्याच मोठ्या बँका आणि तीच रिलायन्स. चार दुकानांतून तीच साखर आणली होती, पिशव्या तेवढ्या वेगळ्या! त्या प्रकारातला एक फंड पुरतो. बाकीच्यांच्या एसआयपी, म्हणजे दरमहा जाणारे हप्ते, थांबवा. जुने युनिट, म्हणजे फंडातले आपले हिस्से, लगेच विकायची घाई नको, त्याचं कारण पुढे येतं.

पण फंडांची संख्या ही वरवरची गोष्ट. खरी चूक अशी की "माझा पोर्टफोलिओ 60-40 असावा की 70-30?", म्हणजे सगळ्या गुंतवणुकीत इक्विटी (शेअर) किती टक्के आणि डेट (व्याज देणारे रोखे) किती, हा प्रश्न आपण सगळ्या पैशांसाठी एकदाच विचारतो. घरात पैशाला वेगवेगळ्या तारखा असतात. मेहुण्याची मुलगी नववीत, म्हणजे बारावीनंतरच्या फीला चार वर्षंही नाहीत. त्याची निवृत्ती अठरा वर्षं लांब. निवृत्तीच्या हिशोबात त्याचा पीएफ डेटच्या बाजूला मोजायला हवा. तो मोजला तर फंडांत इक्विटी जास्त असली तरी चालतं. मुलीच्या फीला मात्र तो पीएफ धरायचा नाही. आणि याने काय केलं होतं? निवृत्तीसाठी "सेफ" म्हणून डेट फंड, आणि मुलीच्या नावाने स्मॉल कॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचा फंड, कारण त्याचा परतावा जास्त दिसला. नेमकं उलटं.

तारीख जवळ आली तरी इक्विटीतच बसून राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जानेवारी 2020 मध्ये सेन्सेक्स 42,000 च्या आसपास होता, 23 मार्चला 26,000 च्या खाली बंद झाला. त्या जूनमध्ये भरायच्या फीचे 10 लाख निर्देशांकाच्या चालीने सव्वासहा लाखांच्या आत आले असते. पुढे बाजार सावरला हे खरं, पण कॉलेज तोवर थांबत नाही. म्हणून तीन वर्षं आधीपासून दरमहा थोडी थोडी रक्कम इक्विटीतून लिक्विड किंवा कमी मुदतीच्या डेट फंडात हलवायची. एसटीपी, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात ठरलेली रक्कम हलवण्याची सूचना, लावली की ते आपोआप होतं.

डेट म्हणजे बिनधोक, असंही समजू नका. एप्रिल 2020 मध्ये एका मोठ्या फंड घराण्याने सहा डेट योजना एकदम बंद केल्या आणि लोकांचे पैसे अडकले. जास्त व्याजासाठी कमी पतीच्या कंपन्यांचे रोखे घेणारा फंड फीच्या पैशाला नको.

तोल बिघडलाय, पण विकू किती?

इथे कागद-पेन घ्या. समजा 10 लाख होते: 6 इक्विटीत, 4 डेटमध्ये. काही वर्षांत इक्विटीचे 12 झाले, डेटचे 4.80. एकूण 16.80 लाख, आणि इक्विटी 60 वरून 71 टक्क्यांवर गेली. परत 60 वर यायला इक्विटी 10.08 लाख हवी, म्हणजे 1.92 लाखांचे युनिट विकून डेटमध्ये टाकायचे. पैसे दुप्पट झालेत, तेव्हा त्यातला नफा साधारण 96 हजार. वर्षाहून जुन्या इक्विटी युनिटवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यापुढे 12.5 टक्के. वर्षात दुसरा असा नफा नसेल तर हे काम बिनकराचं झालं.

विकायचंच नसेल तर दुसरी वाट. महिना 20,000 ची एसआयपी असेल तर ती सगळी डेटकडे वळवा. बाजार आहे तिथेच राहिला तर सोळा महिन्यांत तोल परत येतो. मला स्वतःला हीच वाट आवडते, पण रक्कम मोठी झाली की एसआयपीने काटा हलत नाही, तेव्हा विकावंच लागतं. दर महिन्याला मात्र हे करत बसू नका. वर्षातून एकदा, आणि ठरलेल्या प्रमाणापासून पाच टक्क्यांहून जास्त सरकलं असेल तरच.

लोक अडकतात ते "मी विकलं नाही, फक्त स्विच केलं, एका फंडातून दुसऱ्यात टाकलं" इथे. स्विच आणि एसटीपी, दोन्ही आयकराच्या नजरेत विक्रीच. एका वर्षाच्या आतले इक्विटी युनिट असतील तर नफ्यावर 20 टक्के कर, आणि बऱ्याच योजनांत 1 टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याची कपातही. चार फंडांचा एक करताना घाई नको म्हटलं ते यासाठी: आर्थिक वर्षं वाटून घ्या, म्हणजे सव्वा लाखाची सूट दरवर्षी नव्याने मिळते. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडांना तर कितीही वर्षं ठेवलं तरी तुमच्या स्लॅबनेच कर. कर वाचवणाऱ्या फंडात तीन वर्षांचं लॉक-इन प्रत्येक हप्त्याला वेगळं असतं. पहिल्या हप्त्याला तीन वर्षं झाली म्हणून सगळं मोकळं होत नाही.

आणि एक, जे कोणी वेळेवर सांगत नाही. मुलीच्या नावाचा फोलिओ, म्हणजे फंडातलं खातं, असेल तर ती 18 वर्षांची झाली की तिची केवायसी, बँक खातं आणि सही लागेपर्यंत व्यवहार थांबतात, एसआयपीसुद्धा. बारावीचा निकाल आणि अठरावा वाढदिवस बहुतेक एकाच सुमाराला येतात, म्हणजे फी भरायच्या ऐन वेळी पैसा कुलपात. मेहुण्याच्या मुलीचं पॅन आम्ही वाढदिवसाच्या आठवड्यातच काढायचं ठरवलंय. तारीख फ्रिजवर लावली आहे, गॅसच्या नंबराशेजारी.