सामन्याला कवितांची जोडी कशी लावावी

फुटबॉल वर्ल्ड कपच्या सामन्याआधी खेळणाऱ्या दोन्ही देशांची एकेक कविता वाचायची, असा हा साधा उपक्रम. त्याची मजा कवितांच्या जोडीत आहे. दोन कविता एकमेकींशी बोलत असतील तर फुटबॉलशिवाय काही न सुचणाराही कान देतो. दोन मोठी नावं नुसती शेजारी मांडली, तर लोक घड्याळाकडे बघायला लागतात.

सुरुवात वेळापत्रकापासून करा. 2026 पासून वर्ल्ड कपमध्ये 48 संघ आणि चार-चार संघांचे 12 गट आहेत. म्हणजे नुसत्या गटफेरीचे 72 सामने, 144 कविता. एवढा पसारा कुणालाच झेपत नाही. एकच गट निवडा: सहा सामने, 12 कविता, प्रत्येक देशाच्या वाट्याला तीन. त्या तीन वेगवेगळ्या कवींच्या असाव्यात आणि तिघांत एखादी कवयित्री असावीच. गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे त्यातल्या एकाचं वाचन आदल्या दिवशी उरकावं लागतं. बाद फेरीतल्या जोड्या ऐनवेळी कळतात. पुढे जातील असं वाटणाऱ्या संघांची एकेक कविता आधीच काढून ठेवा.

आता कवी कोणत्या देशाचा, हा प्रश्न. यावर वाद होतोच, म्हणून नियम आधी ठरवून टाका. भाषा, जन्म आणि दीर्घ वास्तव्य, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या की कवी त्या संघाचा. गियोम अपोलिनेर रोममध्ये जन्मला, त्याची आई पोलिश. पण लिहिलं फ्रेंचमध्ये आणि राहिला फ्रान्समध्ये, म्हणून तो फ्रान्सचा. ज्युसेप्पे उंगारेत्तीचा जन्म इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, तरी तो इटलीचा. कॉन्स्टन्टिन कवाफी ग्रीकमध्ये लिहायचा, पण जन्मला अलेक्झांड्रियात आणि वारलाही तिथेच. या नियमाने तो इजिप्तच्या बाजूला जातो. ग्रीसच्या चाहत्यांना हे रुचणार नाही, पण त्याच्या कवितेत ते शहर इतकं भरून आहे की आम्हाला हा निकाल योग्यच वाटतो. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे संघ वेगळे आहेत, तेव्हा 'ब्रिटिश कवी' हा खाना ठेवूच नका. रॉबर्ट बर्न्स स्कॉटलंडचा, आर. एस. थॉमस वेल्सचा.

जोडी कशी जुळते ते एका सामन्यावरून पाहू. 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये येकातेरिनबर्गला फ्रान्सने पेरूला 1-0 हरवलं. पेरूकडून सेसार वायेहोचं ते सुनीत घ्या, ज्यात तो म्हणतो की मी पॅरिसमध्ये मरेन, धो धो पावसात, बहुधा गुरुवारी. 1938 मध्ये तो खरोखर पॅरिसमध्येच वारला. वार मात्र शुक्रवार होता. फ्रान्सकडून अपोलिनेरची मिराबो पुलावरची कविता: पुलाखालून सेन नदी वाहते, प्रेम वाहून जातं, दिवस जातात आणि बोलणारा मागे उरतो. दोन्ही कवितांत पॅरिस आहे, पाणी आहे, सरत्या काळाची टोचणी आहे; आणि दोघेही त्या शहरात बाहेरून आलेले. वायेहो आधी वाचा. त्याच्या कवितेत 'गुरुवार' पुन्हा पुन्हा येतो, तिथे आवाज न चढवता थोडं थांबा. अपोलिनेर नंतर, कारण त्याचं दोन ओळींचं ध्रुपद चार वेळा येतं आणि तिसऱ्या वेळेपासून ऐकणारे आपोआप सोबत म्हणू लागतात. मात्र या कवितेत विरामचिन्हंच नाहीत. कुठे श्वास घ्यायचा याच्या खुणा पेन्सिलीने आधीच करून ठेवल्या नाहीत, तर वाचणारा दुसऱ्याच कडव्यात अडखळतो.

राष्ट्रगौरवाची कविता टाळा. थोड्याच वेळात राष्ट्रगीतं वाजणार असतात, तोच सूर दोनदा नको. फुटबॉलवरच्या कविताही जपून वापरा. इटलीच्या उंबेर्तो साबाने अशा पाच सुंदर कविता लिहिल्या आहेत. त्यातली एक पूर्ण स्पर्धेत एकदाच वाचा. प्रत्येक सामन्याला चेंडूवरचीच कविता आली की समोरच्या खेळापुढे ती फिकी पडते.

कविता नेटवरून उचलली असेल तर ती त्या कवीच्या संग्रहात आहे का, हे तपासल्याशिवाय वाचू नका. 'हळूहळू मरतो तो...' अशा आशयाची कविता पाब्लो नेरुदाच्या नावाने सर्रास फिरते. ती ब्राझीलच्या मार्था मेदेइरोस यांची आहे. चिलीच्या सामन्याला ती वाचणं म्हणजे थेट दुसऱ्या संघाचा खेळाडू मैदानात उतरवणं.

अनुवादकाचं नाव कवीच्या नावाइतक्याच स्पष्टपणे घ्या. कागद छापून वाटणार असाल तर हक्क (कॉपीराइट) तपासा: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, युरोपात साधारण 70. अनुवादाचा हक्क वेगळा असतो. कवी मोकळा झाला तरी अनुवाद मोकळा झालेला असतोच असं नाही.

वेळेचं गणित काटेकोर ठेवा. वीस ओळींची कविता सावकाश वाचायला दीड ते दोन मिनिटं लागतात. दोन कविता, प्रत्येकीआधी दोन वाक्यांची ओळख आणि मूळ भाषेतलं एकेक कडवं मिळून दहा मिनिटांत संपवा. किक-ऑफच्या वीस मिनिटं आधी शेवटची ओळ झालेली हवी. त्यानंतर पडद्यावर संघ दिसायला लागले की लक्ष तिकडे जाणारच. दोन्ही कवितांना आवाज वेगळे ठेवा आणि वाचताना टीव्ही पूर्ण म्यूट करा, कारण समालोचनाची नुसती कुजबुजही लय मोडते.

मध्यांतर 15 मिनिटांचं असतं, पण त्यात लोक उठतात, बोलतात, फोन बघतात. तिथे वाचन लावू नका. सामना जादा वेळेत गेला तर पेनल्टीआधीच्या छोट्या खंडासाठी उंगारेत्तीची दोन ओळींची 'सकाळ' किंवा जपानी कवी बाशोचा एखादा हायकू हाताशी असू द्या. तोही खोली आपणहून शांत झाली तरच वाचा.